कळतंय का?

नववी ब. फळ्यावर मी लिहिलं : चेतना.
पुढं बाण काढला. बाणाच्या टोकाला : प्रतिसाद.
शेवटच्या बाकावरचा अरमान म्हणाला,
'मॅडम, बाणाला पोचायला किती वेळ लागतो?'
लाजाळूला दोन सेकंद, मी म्हटलं.
चिंचेला दिवस मावळेपर्यंत.
आमच्या घरी चार दिवस लागले होते,
ते मी सांगितलं नाही.

अण्णांचा पाय सायलेन्सरला चिकटला होता.
त्यांना पत्ताच नाही.
चौथ्या दिवशी आईला वास आला.
धार काढून ते उंबऱ्याशी पाय धुवायला बसले,
कातडी पाण्याबरोबर सुटून आली,
तर म्हणाले, 'चिखल वाळलाय नुसता.'

सीपीआरला डॉक्टर सौंदत्ते मॅडमनी
त्यांना डोळे मिटायला सांगितलं.
नायलॉनचा धागा, गळाला असतो तसला,
वाकेपर्यंत तळव्यावर दाबला.
'कळतंय का?'
'व्हय.'
मॅडमनी धागा उचलून हवेत धरला.
'आता?'
'व्हय की. कळतंय चांगलं.'
नाही म्हणायची सवयच नाही माणसाला.
गंगावेशीच्या कट्ट्यावर
उधारीलाही कधी नाही म्हटलं नाहीत.

मोरणीच्या पाठीवर माशी बसली
की तेवढीच कातडी थरथरते, तळहाताएवढी.
बाकीची म्हैस निवांत रवंथ करते.
बादलीची कडी वाजली की पान्हा सोडते,
रेडकू जवळ नसलं तरी.
कुठली ग्रंथी, काय सुटतं, रक्तातून कुठं जातं,
हे मी दर वर्षी जुलैत शिकवते, पाच मार्कांना येतं.
अण्णांना ग्रंथी माहीत नाही.
पण सुटलं, हे त्यांना
तिच्या पापणीवरनं कळतं, माझ्या पुस्तकाच्या आधी.

पाडव्याला सागरमाळावर गर्दी.
मोरणीची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या,
कपाळावर मोरपीस.
शिवगोंडानं गाडी काढली. गाडी तीच,
सायलेन्सर तोच. धुरळा उडवत रेस केली.
मोरणी उभी.
पुन्हा केली. तिनं एक कान हलवला, बस्स.
'म्हस बहिरी झाली काय रं?'
माणसं हसली. शिवगोंडाची मान लाल झाली.

अण्णा खुर्चीवर बसले होते, बँडेजचा पाय दुसऱ्या खुर्चीवर.
उठले. आई नको नको म्हणेपर्यंत
पोराच्या मागं चढून बसलेसुद्धा.
हात पुढं घालून त्याच्या मुठीवर मूठ ठेवली.
तीनदा पिळली.
थांबले.
एक श्वासभर.
मग चौथ्यांदा, सावकाश.
वीस वर्षं आमची झोप त्या आवाजानं मोडली,
मधलं ते थांबणं
आमच्यातल्या कुणी कधी ऐकलं नव्हतं.
मोरणीनं मान वर टाकली
आणि गाडीमागं अशी सुटली
की कवड्या तुटून माळावर सांडल्या.
अण्णांचा पांढरा पाय
सायलेन्सरपासून लांब, हवेत,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

त्या रात्री ते झोपल्यावर
मी केरसुणीचा एक हीर काढला.
अंगठ्याखाली टेकवला. मग चवड्याला. टाचेला.
खिडकीबाहेर चिंच पानं मिटून उभी होती.
मी अजून जोर लावला.
पाय तसाच, देवळाच्या पायरीसारखा.
हीर वाकला आणि मोडला.

भिंतीपलीकडं साखळी एकदा हलली असावी,
मला नीटशी ऐकूही आली नाही.
अण्णा डोळे न उघडता म्हणाले,
'पाणी दाव जा तिला.
आणि हीर मोडू नकोस,
सकाळी आई वरडंल.'